ब्रिजर्टनच्या गोतावळ्यात कोण कुठे उभं आहे, आणि का

ब्रिजर्टन या इंग्रज उमराव घराण्याची गोष्ट सांगणाऱ्या नेटफ्लिक्सवरच्या 'ब्रिजर्टन' मालिकेचा चौथा सीझन 2026च्या सुरुवातीला आला. पहिला आला होता 25 डिसेंबर 2020ला, ऐन कोविडच्या दिवसांत. मधल्या काळात पात्रांचा गोतावळा इतका वाढला आहे की नव्याने बघायला बसणाऱ्याला पहिल्या दोन भागांतच प्रश्न पडायला लागतात. अँथनी 'लॉर्ड', तर त्याचा सख्खा भाऊ नुसता 'मिस्टर' कसा? पहिल्याच वर्षी लग्न जमलं नाही तर आकाश कोसळेल अशा धास्तीत या मुली का वावरतात? नवरा गेल्यावर पोर्शिया फेदरिंग्टन स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी का होते? मुंबईहून आलेली केट धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी एवढा जीव का टाकते?

या प्रश्नांची उत्तरं पात्रांच्या स्वभावात शोधायला गेलं तर अँथनी तिरसट, पोर्शिया कपटी आणि केट हेकट वाटते. थोडं मागे जाऊन त्या काळातली वारसाहक्काची एकच रीत समजून घेतली, की हीच माणसं वेगळी दिसायला लागतात. जवळजवळ प्रत्येक पात्र त्या रीतीच्या आत, काठावर किंवा बाहेर उभं आहे आणि तिथून जे शक्य आहे ते करत आहे. पुढे कथेतले बरेच तपशील येतील. मालिका पाहिली नसेल तर तेवढं लक्षात ठेवून वाचा.

रीजन्सी म्हणजे नेमका कोणता काळ?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज 1810च्या अखेरीस मनाच्या आजाराने इतका खंगला की कारभार त्याच्या हाती ठेवणं शक्य राहिलं नाही. फेब्रुवारी 1811 मध्ये संसदेने त्याच्या थोरल्या मुलाला राजाच्या वतीने राज्य चालवणारा 'रीजंट' नेमलं. जानेवारी 1820 मध्ये राजा वारला आणि मुलगा स्वतःच राजा झाला. मधली ही नऊ वर्षं म्हणजे रीजन्सी. मालिका सुरू होते 1813 साली. तिकडे युरोपात नेपोलियनशी युद्ध चालू आहे, इकडे पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आहे.

मालिकेने रीजंटला जवळपास बाजूला ठेवून त्याच्या आईला, राणी शार्लटला, मध्यभागी बसवलं आहे. ही राणी खरी होऊन गेली. जन्म 1744चा, जर्मनीतल्या एका छोट्या संस्थानातला. 1761 मध्ये ती लंडनला पोचली आणि त्याच दिवशी, नवऱ्याला पहिल्यांदा पाहिल्यावर काही तासांतच, तिचं लग्न लागलं. तिला पंधरा मुलं झाली. तिच्या तरुणपणावर 2023 मध्ये वेगळी छोटी मालिका आली. तिची सुरुवात होते नोव्हेंबर 1817 मधल्या एका मृत्यूने. रीजंटची एकुलती एक मुलगी, तिचंही नाव शार्लटच, 6 नोव्हेंबरला बाळंतपणात गेली. बाळही मृतच जन्मलं होतं. आदल्याच दिवशी, 5 नोव्हेंबरला, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली होती आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला होता. दोन टोकांच्या या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण काळ नजरेसमोर उभा राहायला मदत होते.

पंधरा मुलांच्या आईला आता एकही औरस नातवंड उरलं नव्हतं. अविवाहित राजपुत्रांची लगबगीने लग्नं लावली गेली आणि त्यांतल्या एकाच्या पोटी मे 1819 मध्ये व्हिक्टोरिया जन्मली. मालिकेतली राणी लोकांची लग्नं जुळवण्यात एवढी गुंतलेली दिसते. वारस नसला तर काय होतं ही धास्ती खुद्द राजवाड्यातही किती खरी होती, ते यावरून कळतं.

सगळं एकालाच

आता ती रीत. इंग्लंडमधल्या उमराव घराण्यात बाप गेला की किताब आणि जमीन दोन्ही थोरल्या मुलाकडे जात. याला ज्येष्ठाधिकार म्हणतात. किताबांच्या पाच पायऱ्या: सगळ्यात वर ड्यूक, मग मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन. अँथनीच्या बहिणीचा, डॅफ्नीचा, नवरा सायमन ड्यूक आहे, अँथनी व्हायकाउंट, फेदरिंग्टन बॅरन. हे पाचही प्रकारचे लोक उमराव. नावाआधी नुसतं 'सर' लावणारे त्यांच्या खालचे.

आपल्याकडे याच्या उलट चाल होती. बापाची वीस एकर जमीन चार भावांत वाटली, त्यांच्या मुलांत पुन्हा वाटली, की तिसऱ्या पिढीत प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर एक-दीड एकर उरतं. पाटीलकीच्या वतनाच्यासुद्धा भाऊबंदांत तक्षिमा पडत. इंग्रज उमरावांनी नेमकं हेच टाळलं. जमीन तुकड्यांत गेली की घराण्याचं वजन गेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून थोरल्याला सगळं द्यायचं, आणि त्यालाही ते विकता येऊ नये अशी कायदेशीर बांधणी करून ठेवायची. तो मालक म्हणवला जाई, पण प्रत्यक्षात पुढच्या पिढीसाठी राखण करणारा असे. घर चालायचं ते कुळांकडून येणाऱ्या खंडावर. पोटासाठी काम करणं हे सभ्य गृहस्थाला कमीपणाचं मानलं जाई.

ब्रिजर्टन भावंडं आठ. त्यांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने ठेवली आहेत: अँथनी, बेनेडिक्ट, कॉलिन, डॅफ्नी, एलॉईज, फ्रान्चेस्का, ग्रेगरी, हायसिंथ. ज्युलिया क्विन यांच्या ज्या कादंबऱ्यांवर मालिका बेतली आहे त्याही आठच, प्रत्येक भावंडाची एक. आठांपैकी किताब आणि जमीन मिळाली ती पहिल्याला. उरलेल्या सातांना आपापली सोय बघायची आहे.

अँथनी इतका कडक का वागतो?

दुसऱ्या सीझनमध्ये एक मागचा प्रसंग दाखवला आहे. माझ्या मते सगळ्या मालिकेत तो सर्वांत नेमका आहे. बाप एडमंड मधमाशी चावून मुलाच्या डोळ्यांदेखत कोसळतो. अँथनी तेव्हा जेमतेम अठराचा. आई व्हायलेट गरोदर आहे. काही महिन्यांनी ती अडते आणि वैद्य बाहेर येऊन अँथनीला विचारतो: वेळ आलीच तर आईला वाचवायचं की बाळाला? आत व्हायलेट शुद्धीवर आहे, बोलते आहे, ओरडते आहे. तरी प्रश्न विचारला जातो तो त्या पोराला. घराचा कर्ता पुरुष आता तो आहे.

वैद्य क्रूर नाही. तो रीत पाळतो आहे. बाप गेल्या क्षणापासून अँथनी 'लॉर्ड ब्रिजर्टन' झाला आणि आईचा जीव, बहिणींची लग्नं, भावांचे खर्च, कुळांचे खंड हे सगळं त्याच्या सहीवर आलं. पहिल्या सीझनमध्ये तो डॅफ्नीला आलेला प्रत्येक मुलगा हुसकावून लावतो आणि पुढे तिच्यासाठी नायजेल बरब्रूकसारखा नको तो माणूस परस्पर पक्का करतो. डॅफ्नीला विचारायचं त्याला सुचत नाही. विचारायला हवं असं त्याला कुणी कधी शिकवलंच नाही. दुसऱ्या सीझनमध्ये तो प्रेमाशिवाय, यादी करून बायको शोधतो, तेही याच भीतीपोटी. आपण मेलो तर मागे राहणारीचे आईसारखे हाल होऊ नयेत, एवढंच त्याच्या डोक्यात आहे.

सायमनची गोष्टही याच रीतीतून निघते, उलट्या दिशेने. बोलताना अडखळणाऱ्या लहानग्या सायमनला बापाने वारस म्हणून नाकारलं. बापाला घराणं आणि किताब याखेरीज काही प्रिय नव्हतं. म्हणून मरणासन्न बापासमोर मुलाने शपथ घेतली की मी मूलच होऊ देणार नाही, तुझा किताब माझ्याबरोबर संपेल. बापाला जिथे सर्वांत दुखेल ती जागा त्याने नेमकी ओळखली होती. डॅफ्नीच्या संसारात ही शपथ कशी येते, तो पहिल्या सीझनचा कणा आहे.

मग धाकट्या भावांनी करायचं काय?

बेनेडिक्ट चित्रं काढतो, कॉलिन देशोदेशी फिरतो. दोघं मोकळे, हसतमुख, जरा बेजबाबदार. ही मोकळीक त्यांना मिळते, कारण अँथनी उदार आहे आणि घरात पैसा आहे. खऱ्या धाकट्या मुलांपुढे ठरलेल्या वाटा असत: सैन्य, नौदल, चर्च, वकिली, नाहीतर ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी. यातली शेवटची वाट आपल्या दारात येते.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडच्या एका लॉर्डचा चौथा मुलगा. किताब थोरल्याकडे जाणार हे ठरलेलंच, म्हणून तो किशोरवयातच कंपनीच्या नोकरीत भारतात आला. तिकडे रीजन्सी सुरू झाली त्याच 1811 साली तो पुण्याच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून दाखल झाला. खडकीच्या लढाईच्या वेळी तो तिथेच होता. 1819 ते 1827 तो मुंबईचा गव्हर्नर होता आणि मुंबईतल्या एल्फिन्स्टन कॉलेजला त्याचंच नाव आहे.

आर्थर वेलस्लीची कथा तर ब्रिजर्टनचा एखादा सीझन वाटावा अशी आहे. हाही अर्लचा धाकटा मुलगा, किताब थोरल्या भावाकडे. ऐन विशीत त्याने किटी पॅकनहॅम नावाच्या मुलीला मागणी घातली. तिच्या भावाने नाकारली, कारण मुलाकडे ना पैसा ना भविष्य. वेलस्ली सैन्याबरोबर भारतात आला. श्रीरंगपट्टणची लढाई झाली, आणि सप्टेंबर 1803 मध्ये आताच्या जालना जिल्ह्यात असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पैसा आणि कीर्ती घेऊन 1805 मध्ये तो परतला. त्याच घरी पुन्हा मागणी घातली. या वेळी होकार आला आणि 1806 मध्ये लग्न झालं. मधल्या दहा-बारा वर्षांत दोघंही बदलले होते आणि संसार सुखाचा झाला नाही. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. लंडनच्या दिवाणखान्यातला नकार आणि असईच्या रणातली प्रेतं यांच्यामध्ये ही वारसाहक्काची रीत उभी आहे. मालिकेत तो दुवा कुठेच दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगितला.

मुलींना घाई कशाची?

लंडनचा 'सीझन' म्हणजे संसदेचं अधिवेशन चालू असतानाचे महिने. उमराव आपापल्या गावच्या वाड्यांतून लंडनच्या मेफेअर भागातल्या घरांत येत. पुरुष संसदेत बसत आणि संध्याकाळी नाच, नाटकं, मेजवान्या चालत. ऐन उन्हाळ्यात अधिवेशन संपलं की सगळे परत गावी. वयात आलेल्या मुलीला आधी राणीपुढे मुजरा करावा लागे, मग ती या जगात 'आली' असं समजत. राणीने एखादीला 'हिरा' ठरवणं ही मालिकेची कल्पना. मुजऱ्याची चाल मात्र खरी. सेंट जेम्स भागातल्या आल्मॅक्स नावाच्या जागी तर काही मोजक्या उमराव बायका ठरवत, कुणाला बुधवारच्या नाचाचा परवाना द्यायचा आणि कुणाला नाही. मालिकेतली राणी आणि दरारा असलेली विधवा लेडी डॅनबरी जे काम करतात ते प्रत्यक्षात या बायका करत.

सीझनचा खर्च मोठा. कपडे, गाडी, घोडे, नोकर, नाच. दरवर्षी मुलगी बिनलग्नाची परतली की पुढच्या वर्षी तिच्याकडे बघणारे कमी होत. पण घाईचं खरं कारण त्याहून खोल आहे. उमराव घरातल्या मुलीला स्वतःचं उत्पन्न कमावण्याचा प्रतिष्ठित मार्गच नव्हता. लग्न झालं तर नवऱ्याचं घर, नाही झालं तर बापाचं, आणि तो गेल्यावर भावाचं. भाऊ अँथनीसारखा असला तर ठीक. वहिनी आल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. एलॉईज लग्नाला नाही म्हणते तेव्हा ती नुसता नवरा नाकारत नाही. डोक्यावरच्या छपरासाठी आयुष्यभर भावाच्या मर्जीवर राहण्याचा धोका ती पत्करते आहे.

लग्न झाल्यावरही गोष्ट सोपी नव्हती. इंग्रज कायद्यात विवाहित बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्वच नवऱ्यात विरून जाई. तिचे पैसे, दागिने, कमाई नवऱ्याची होई आणि मुलांवरचा हक्कही त्याचाच. पैशांच्या बाबतीत हे बदलायला 1870 आणि 1882चे कायदे यावे लागले. घटस्फोटासाठी 1857 पर्यंत संसदेत स्वतंत्र विधेयक मंजूर करून घ्यावं लागे. म्हणूनच श्रीमंत घरं लग्नाआधी वकील बसवून करार करत: मुलीचा हुंडा किती, तिला हातखर्चाला वर्षाला किती, ती विधवा झाली तर तिला दरसाल काय मिळणार. मालिका पाहताना नाचाचे प्रसंग लक्षात राहतात. मुलींचं पुढचं आयुष्य ठरे ते या कागदांवर.

डागाची एवढी भीती का, तेही यातच आलं. डॅफ्नी आणि सायमन बागेत एकटे दिसतात आणि गोष्ट पहाटेच्या द्वंद्वयुद्धापर्यंत जाते. एका मुलीची बदनामी झाली की मागच्या सगळ्या बहिणींची स्थळं बंद होतात. अँथनी पिस्तूल उचलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे चारही बहिणी आहेत.

फेदरिंग्टन घरात पुरुष नाही

ब्रिजर्टनांच्या समोरच्या घरातल्या बायकांची मालिकेत बरीच थट्टा होते. भडक रंगांचे कपडे, आरडाओरडा, पोर्शियाचे डावपेच. मला मात्र हे घर सगळ्यांत जास्त कळवळायला लावतं. तीन मुली: प्रुडेन्स, फिलिपा, पेनेलोपी. मुलगा नाही. पहिल्या सीझनमध्ये बाप मुलींच्या हुंड्याचे पैसे जुगारात घालवतो आणि हुंडा नाही कळल्यावर फिलिपाला आलेलं बरं स्थळ मागे फिरतं. मग बाप मारला जातो. त्या क्षणी घर, किताब, जमीन सगळं कुणा दूरच्या पुरुष नातलगाचं होतं, ज्याला या बायकांनी धड पाहिलेलंही नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये तो जॅक फेदरिंग्टन येतो आणि त्याच्याकडे खाणीच्या बाता सोडल्या तर काहीच नसतं. तिसऱ्यात पोर्शियाने बनवलेल्या कागदानुसार ज्या मुलीला आधी मुलगा होईल तो पुढचा लॉर्ड. प्रत्यक्षात बहुतेक इंग्रजी किताब फक्त मुलाच्या मुलाकडे जात. मुलीच्या पोटी आलेल्या नातवाकडे किताब नेणं असं कागदावर ठरवता येत नसे. पण पोर्शियाची बनवाबनवी कथेत पटते, कारण तिच्यापुढे दुसरी वाट नाही. ती खोटी सही करते ती आपल्या तीन मुलींना छप्पर राहावं म्हणून.

आणि पेनेलोपी. कर्जबाजारी बॅरनची तिसरी मुलगी, हुंडा नाही, रूपाची तारीफ नाही, नाचाच्या वेळी भिंतीला टेकून उभी. या बाजारात तिला भावच नाही. तेव्हा ती बाजाराची बातमी विकायला लागते. लेडी व्हिसलडाऊन या टोपणनावाने ती जे पत्रक काढते ते मेफेअरमधलं प्रत्येक घर वाचतं. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तिला सगळं ऐकू येतं. त्या काळची खरी वृत्तपत्रंही उमरावांची लफडी छापत, फक्त बदनामीच्या खटल्याच्या भीतीने नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे रेघ एवढंच छापत. व्हिसलडाऊन पूर्ण नाव छापते, ही मालिकेने घेतलेली मोकळीक. या कमाईमुळे आपल्या वर्तुळात स्वतःच्या श्रमाचा पैसा गाठीला असलेली पेनेलोपी ही जवळजवळ एकटीच मुलगी ठरते. कॉलिनशी लग्न म्हणजे कायद्याने तो पैसा त्याच्या हातात जाणार, हे लक्षात ठेवून तिसरा सीझन पाहा. तिचं गुपित जपण्यामागे प्रेमभंगाच्या भीतीबरोबर दुसरंही काही होतं हे जाणवेल.

शर्मा बहिणी आणि एक अट

दुसरा सीझन मराठी घरांत वेगळ्या उत्सुकतेने पाहिला गेला. केट आणि एडविना मुंबईहून येतात. एडविनाचे गुण सांगताना केट तिला मराठी आणि हिंदुस्थानी येतं हे आवर्जून सांगते. लग्नाआधीची हळद, धाकटीच्या डोक्याला तेल लावणारी थोरली, इंग्रजी चहाला नाक मुरडून वेलची घालून स्वतः उकळलेला चहा, हे सगळं परदेशी मालिकेत इतक्या सहजपणे आलेलं पाहून बरं वाटतं. हाक मारण्याच्या तऱ्हा मात्र चार प्रांतांतून गोळा केल्यासारख्या आहेत आणि आपल्याला ते खटकतं. कादंबरीत ही मुलगी इंग्रज होती. ती भारतीय केली ती मालिकेने.

पण केटला समजून घ्यायचं तर अट बघायला हवी. सावत्र आई मेरी ही इंग्रज उमराव घरातली. तिने किताब नसलेल्या माणसाशी लग्न केलं म्हणून आईवडिलांनी तिला तोडलं. आता तेच आजी-आजोबा एडविनाला पैसा द्यायला तयार आहेत, पण तिने इंग्रज उमरावाशी लग्न केलं तरच. केट सावत्र, तिच्या वाट्याला काहीच नाही. वडील वारलेले. तेव्हा मुंबई ते लंडन प्रवास आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने, चार-सहा महिन्यांचा. एवढं समुद्र ओलांडून आलेली केट ही अट आईला आणि बहिणीला कळूही देत नाही. एडविनाचं लग्न लावून द्यायचं, पैसा आईच्या हाती पडला की आपण परत जाऊन कुणाच्या घरी शिकवणी धरायची, एवढाच तिचा बेत. अँथनी आणि केट एकमेकांना ओळखतात ते इथे. दोघांनी बाप गेल्यावर घर खांद्यावर घेतलं आहे. फरक एवढाच की अँथनीकडे किताब आहे आणि केटकडे काही नाही.

सत्ता विधवांकडे कशी?

लेडी डॅनबरी काठी टेकत येते आणि सगळे बाजूला होतात. व्हायलेट घर सांभाळते. वर सांगितलेला कायदा आठवला तर याचा उलगडा होतो. अविवाहित मुलगी बापाच्या ताब्यात, विवाहित बाई नवऱ्याच्या. विधवा मात्र कुणाच्याच नाही. करारातलं उत्पन्न तिच्या हाती येतं, ती स्वतःच्या नावाने व्यवहार करू शकते, खटला लढू शकते. 2023च्या मालिकेत तरुण डॅनबरी वयाने कितीतरी मोठ्या नवऱ्याच्या घरात घुसमटते. तो मेल्यावर तिला दुःखापेक्षा मोकळं वाटतं. पण मालमत्ता कुणाकडे जाणार हा प्रश्न लगेच दारात उभा राहतो आणि मुलासाठी किताब टिकवायला ती राजदरबारी झगडते. म्हातारपणीचा तिचा दरारा त्या झगड्यातून आलेला आहे. दुसरं लग्न ती करत नाही, त्याला हेही कारण आहे.

"पण हा इतिहास खोटाच आहे ना?"

हा आक्षेप नेहमी येतो. त्याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. काळी राणी आणि काळे, भारतीय उमराव हे मालिकेने कल्पिलेलं जग आहे. राजाने एका काळ्या मुलीशी लग्न केलं आणि त्यातून समाज बदलला, असं ती मालिका स्वतःच सांगते. खऱ्या शार्लटचे दूरचे पूर्वज आफ्रिकी असावेत असा एक दावा आहे. तो कित्येक पिढ्या मागे जातो आणि बहुतेक इतिहासकार तो मानत नाहीत.

पण त्या काळचं लंडन निव्वळ गोऱ्यांचं होतं हेही खरं नाही. मालिकेतला मुष्टियोद्धा विल मॉन्ड्रिच ज्याच्यावरून घेतला आहे तो बिल रिचमंड अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मला होता. लंडनला येऊन तो नामांकित मुष्टियोद्धा झाला आणि लेस्टर स्क्वेअरजवळ त्याचं स्वतःचं मद्यगृह होतं. पाटण्यात जन्मलेल्या दीन महोमेदने 1810 मध्ये लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ भारतीय जेवणाचं 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' काढलं. हैदराबादचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची मुलगी किटी 1805 मध्ये लहानपणीच इंग्लंडला पाठवली गेली, तिकडेच वाढली आणि 1829 मध्ये एका इंग्रज कॅप्टनशी तिचं लग्न झालं. तेव्हा केटसारखी मुलगी लंडनमध्ये असणं अशक्य नव्हतं. व्हायकाउंटेस होणं मात्र फार दूरची गोष्ट. त्याच काळात आई किंवा बाप भारतीय असलेल्यांना कंपनीने आपल्या मुलकी आणि लष्करी हुद्द्यांवर घेणं बंद केलं होतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. एवढ्या थाटाचा पैसा कुठून येतो हे मालिका विचारत नाही. गुलामांचा व्यापार ब्रिटनने 1807 मध्ये बंद केला. वसाहतींमधली गुलामगिरी रद्द करणारा कायदा व्हायला 1833 उजाडलं. तोवर अनेक उमराव घरांचं उत्पन्न साखरेच्या मळ्यांतून येत होतं. सगळ्या रंगांची माणसं एका नाचात उभी करायची तर हा प्रश्न टाळता येत नाही, आणि मालिका तो टाळते.

रीतीबाहेर जन्मलेली

चौथ्या सीझनमधली सोफी बेक रीतीच्या पूर्ण बाहेर आहे. ती अर्लची मुलगी, पण अनौरस. इंग्रज कायद्याच्या लेखी अनौरस मूल कुणाचंच नसे. बापाचा किताब, जमीन कशावरच त्याचा हक्क नव्हता. बाप गेल्यावर सावत्र आई अरामिंटा सोफीला घरातली मोलकरीण करते आणि तिला अडवणारं कुणी नसतं. एका मुखवट्याच्या नाचात बेनेडिक्टला भुलवणारी मुलगी हीच. तिची खरी ओळख न कळता तो पुन्हा तिच्या प्रेमात पडतो आणि तिला आपली रखेली होण्याविषयी विचारतो. पाहणाऱ्याला संताप येतो, यायलाच हवा. पण बेनेडिक्ट दुष्ट नाही. उमरावाच्या भावाने मोलकरणीशी लग्न करणं त्याच्या जगात अकल्पित आहे, आणि हा पर्याय त्याला प्रामाणिकपणे प्रेमाचाच वाटतो. सोफीला कळतं ते त्याला कळत नाही: तिची आईही अशाच घरात, अशाच शब्दावर विसंबली असणार, आणि त्यातून जन्मलेलं मूल ती स्वतः आहे.

पुढे फ्रान्चेस्काचं काय?

आता सर्वांत जास्त चर्चा तिची आहे. तिसऱ्या सीझनमध्ये तिने स्कॉटलंडच्या किलमार्टिनच्या अर्लशी, जॉन स्टर्लिंगशी लग्न केलं. पुस्तकात जॉन अकाली जातो आणि किताब त्याचा चुलतभाऊ मायकेल याच्याकडे येतो. मालिकेने मायकेलची मायकेला केली, आणि अनेक वाचकांनी विचारलं की बाई किताबाची वारस कशी होणार?

किलमार्टिनचा किताब काल्पनिक आहे, पण स्कॉटलंडमध्ये हे घडत होतं. इंग्रजी किताब बहुतांश फक्त पुरुषांच्या वंशात चालत. स्कॉटलंडचे बरेच जुने अर्लपद मात्र मुलगा नसेल तर मुलीकडे जाऊ शकत. सदरलंडचा अर्ल 1766 मध्ये वारला तेव्हा त्याची मुलगी एलिझाबेथ जेमतेम एक वर्षाची होती. किताबावर दुसऱ्या पुरुष नातलगांनी हक्क सांगितला, वाद हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1771 मध्ये निकाल त्या लहान मुलीच्या बाजूने लागला. रीजन्सीच्या काळात ती स्वतःच्या हक्काने सदरलंडची काउंटेस होती. मायकेलासाठी लेखकांना नवा कायदा कल्पावा लागणार नाही. किलमार्टिनचा किताब त्या जुन्या स्कॉटिश धाटणीचा आहे एवढं कथेत सांगितलं तरी पुरे.